जुनी मोटार आणि तिचा मिस्त्री

निफाड तालुक्याचे नाव निघाले की लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतची द्राक्षे, गोदावरी-कादवेच्या काठचा ऊस आणि नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या बागायती मुलखातला माल रोज बाजारपेठेत आणि तेथून देशोदेशी जातो, त्या मुलखाचा सारा व्यवहार चाकांवर चालतो, आणि ती चाके फिरती ठेवणाऱ्या मनुष्याची नोंद मात्र कोणत्याही सरकारी वा खाजगी दप्तरात सहसा आढळत नाही. गावाच्या वेशीबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, तेलाने काळ्या पडलेल्या जमिनीवर बसून जो दिवसभर गाड्या खोलतो आणि बांधतो, त्याला सारा गाव केवळ ‘मिस्त्री’ एवढ्याच नावाने ओळखतो. या मिस्त्रीच्या आयुष्याची, आणि त्यातही ज्याचे मन पन्नास, साठ, ऐंशी वर्षांपूर्वीच्या मोटारींत गुंतलेले आहे अशा मिस्त्रीच्या आयुष्याची, वाचकांस ओळख करून द्यावी हा या लेखाचा हेतू आहे. जुनी मोटार तिच्या पोलादाच्या बळावर टिकत असती तर भंगाराचे बाजार ओस पडले असते. ती टिकते ती तिला ओळखणाऱ्या हातांच्या बळावर, आणि ते हात आज झपाट्याने कमी होत आहेत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. १८ जानेवारी १८४२ रोजी येथे जन्मलेल्या या महापुरुषाने, केवळ शेतीवर विसंबलेला देश दरिद्रीच राहणार आणि यंत्र व उद्योग यांचा अंगीकार केल्यावाचून त्यास तरणोपाय नाही, हा विचार महाराष्ट्रापुढे आयुष्यभर तळमळीने मांडला. १८९८ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी दिसू लागल्या, तेव्हा रानडे मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर विराजमान होते. त्या वेळी मोटार हे राजेरजवाड्यांचे आणि धनाढ्य व्यापाऱ्यांचे कौतुक होते. तिच्यासाठी देशभर लागू होणारा कायदाही १९१४ साली झाला. परंतु ज्या यंत्रविद्येचा पुरस्कार रानड्यांनी केला ती पुढे ज्या मार्गांनी खेडोपाडी पोहोचली, त्यांत कारखाने आणि महाविद्यालये यांच्याबरोबरच रस्त्याकडेचे गॅरेज हाही एक मार्ग होता, आणि तो अतिशय महत्त्वाचा होता, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

हिंदुस्थानात मोटारींची जुळणी प्रथम मुंबईतच सुरू झाली. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली शिवडीस आपला कारखाना काढला व त्यानंतर थोड्याच काळात फोर्ड कंपनीनेही मुंबईत जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या ज्या मोटारी, ट्रक आणि जीपगाड्या येथे उरल्या त्या ‘डिस्पोजल’च्या विक्रीत लोकांनी घेतल्या. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी फाळणीनंतर १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि माझगावात सुट्या भागांतून विलीज जीपची जुळणी करून तिने या गाडीला शेतकऱ्याच्या दारापर्यंत आणले. सुमारे सव्वादोन लिटरच्या आणि साठ अश्वशक्तीच्या त्या साध्या, चिवट इंजिनाने बांधावरचा चिखल आणि घाटाचा चढ सारख्याच धिमेपणाने तुडवला. आज नाशिक शहरातच महिंद्रचा मोठा कारखाना आहे. परंतु जीपची आणि या जिल्ह्याच्या शेतीची ओळख त्या कारखान्याहून जुनी आहे.

पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनने जी शिफारस केली आणि सरकारने जे धोरण पत्करले, त्याअन्वये केवळ परदेशी भाग आणून जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे वाव उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपापले जुळणीचे काम बंद केले, आणि त्यानंतरची सुमारे तीस वर्षे भारतीय ग्राहकासमोर फियाट, ॲम्बॅसडर आणि स्टँडर्ड अशी मोजकीच नावे राहिली. नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि आयात बंद झालेल्या जुन्या गाड्यांचा सुटा भाग तर कोणत्याही दामाला मिळत नसे. अशा काळात ज्याच्या घरी शेव्हरोले, डॉज, ऑस्टिन किंवा मॉरिस होती त्यास ती चालती ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ती चालती ठेवण्याची सारी जबाबदारी मिस्त्रीवर येऊन पडली. तुटलेला दाता भरून पुन्हा कापणे, झिजलेल्या शाफ्टावर धातू चढवून तो लेथवर उतरवणे, पितळेच्या तुकड्यातून बुश घडवणे, चामड्याचे वायसर कापणे, ही कामे पुस्तकातून शिकलेल्याने केली नाहीत, ती टंचाईने शिकवली. इतर देशांत जो भाग बदलून टाकीत तो येथे दुरुस्त करीत, आणि दुरुस्त होण्यासारखा नसेल तर नव्याने घडवीत. आपल्या मिस्त्रीच्या कौशल्याचे मूळ या परिस्थितीत आहे.

परंतु मोटार आणि गावचा कारागीर यांचे नाते याहूनही प्राचीन, किंबहुना मोटारीइतकेच जुने आहे. कार्ल बेंझ या जर्मन संशोधकाने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तरी लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा त्यांची पत्नी बर्था बेंझ हिने ऑगस्ट १८८८ मध्ये, पतीस न कळवता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास त्या गाडीतून केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. तारेचे आवरण झिजले तेथे मोजे बांधण्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले तेव्हा औषधांच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव्य विकत घेऊन टाकीत ओतले. आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका गावच्या चर्मकाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. जगातील हा पहिला दीर्घ मोटारप्रवास अशा रीतीने एका धीट स्त्रीच्या प्रसंगावधानाने आणि वाटेवरच्या ग्रामीण कारागिरांच्या हातांनी पार पडला. आपल्याकडेही मोटार आली तेव्हा तिचे पहिले दुरुस्तीकार लोहार आणि सुतारच होते. कारण त्या काळच्या कित्येक गाड्यांच्या सांगाड्यात लाकूड असे, चाकांचे आरे लाकडी असत, आणि बैलगाडीस लोखंडी धाव चढवणाऱ्याला त्या कामाची रीत नव्याने सांगावी लागत नसे.

महाराष्ट्राच्या इतिहासात या वर्गातील बुद्धिमत्तेची साक्ष देणारी उदाहरणे थोडी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला, हे सर्वविदित आहे. त्या मानाने अल्पपरिचित परंतु आपल्या विषयास अधिक निकट असलेले नाव म्हणजे इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. अभियांत्रिकीची कोणतीही पदवी नसलेल्या या गृहस्थाने, सामान्य माणसास परवडेल अशी छोटी मोटार आपल्या देशात, आपल्या हातांनी घडवता येईल, या एका ध्यासाने १९४५ पासून पुढे सुमारे तीन दशके एकामागून एक नमुने तयार केले. ‘मीरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाडीत इंजिन मागच्या बाजूस होते, धक्के झेलण्यासाठी पोलादी पाट्यांऐवजी रबराची योजना होती, आणि तिची अपेक्षित किंमत सुमारे १२,००० रुपये सांगितली जाई. मीरा कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. परवाने, भांडवल आणि धोरण यांच्या कचेऱ्यांतून तिची वाट निघाली नाही. तथापि एका गावात राहून, साध्या हत्यारांनी, मोटारीचा संपूर्ण विचार पहिल्या नटापासून करू शकणारा मनुष्य आपल्यात होता, ही गोष्ट तिच्या अपयशाने खोटी ठरत नाही. नामांकित गॅरेजांतल्या अनेक अनामिक मिस्त्रींत त्याच जातीची बुद्धी वावरते. तिला कागद, भांडवल आणि प्रसिद्धी मिळालेली नसते इतकेच.

मिस्त्रीचे शिक्षण लहानपणीच सुरू होई. दहा-बारा वर्षांचा मुलगा गॅरेजवर ठेवला जाई, तो प्रथम झाडलोट करी, चहा आणी, रॉकेलच्या घमेल्यात सुटे भाग धूत बसे. आणि भाग धुता धुताच त्यास प्रत्येक भागाचे रूप, वजन आणि झीज ओळखू येऊ लागे. मग त्याच्या हाती पाने येत. पान्यांचीही एक विद्याच आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांचे नट जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने १८४१ साली घालून दिलेल्या मापांचे, अमेरिकन गाड्यांचे इंची मापाचे, आणि युरोपातल्या व अलीकडच्या सर्व गाड्यांचे मिलिमीटरचे. त्यामुळे मॉरिसच्या नटाला जीपचा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजावे. हे ज्ञान उस्तादाच्या एका दटावणीत मिळे आणि जन्मभर पुरे. लहान मुलास कामास जुंपण्याची ती पद्धती आज कायद्याने निषिद्ध आहे व ते सर्वथैव इष्टच झाले. परंतु उस्तादाच्या शेजारी बसून, त्याच्या हातांकडे पाहत शिकण्याची जी रीत तिच्यात होती, तिची जागा वर्गातल्या फळ्याने पूर्णपणे भरून निघालेली नाही, हेही तितकेच खरे आहे.

पाच-सात वर्षांच्या उमेदवारीनंतर कान तयार होत. “मिस्त्री, गाडी मिसिंग मारतेय,” एवढेच सांगून मालक बाजूस होई, आणि मिस्त्री इंजिन चालू ठेवून क्षणभर स्तब्ध उभा राही. प्लगच्या तारा एकेक करून काढून पाहिल्या की कोणता सिलिंडर काम करीत नाही ते कळे. ज्या सिलिंडरची तार काढूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तोच दोषी. टॅपेटची टकटक वरून आणि बारीक येते, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका खालून, जड आणि वेगाबरोबर वाढणारा असतो, पिस्टन ढिला झाला असेल तर थंड इंजिन खडखडते आणि तापल्यावर शांत होते. धुराचा रंगही बोलका असतो: निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते, काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जाते, आणि तापलेल्या इंजिनातूनही पांढरी वाफ येतच राहिली तर हेडचे गॅस्केट फुटून पाणी आत शिरत आहे. नाडीवर बोट ठेवून रोग सांगणाऱ्या जुन्या वैद्याप्रमाणे तो लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी लावून आतल्या आवाजाची जागा निश्चित करी. आजच्या मोटारीत हे निदान संगणक करतो, तिच्या सॉकेटात यंत्र जोडले की दोषाचा संकेतांक पडद्यावर उमटतो. परंतु १९६० सालच्या फियाटमध्ये असे सॉकेटच नाही, तिची भाषा जाणणारा कान हेच तिचे एकमेव साधन आहे.

निफाडच्या हवामानाचाही या विद्येशी संबंध आहे. उत्तर महाराष्ट्रातल्या कडाक्याच्या थंडीची बातमी आली की तीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील तापमानाचा आकडा बहुधा असतोच. डिसेंबर-जानेवारीत तेथील पारा पाच अंशांच्या आसपास आणि क्वचित त्याहूनही खाली उतरतो, आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून घड वाचवतात. अशा पहाटे जुनी मोटार सुरू करणे ही परीक्षाच असते. तिची बॅटरी बहुधा सहा व्होल्टची, आजच्या गाडीच्या निम्म्या बळाची. थंडीने ऑइल घट्ट झालेले, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी सेल्फवर जोर करीत नाही. तो चोक ओढतो, इग्निशन बंद ठेवून हँडलने इंजिनाला दोन-चार फेरे देतो, म्हणजे ऑइल सर्वत्र पसरते आणि पेट्रोल सिलिंडरात पोहोचते, आणि मग स्विच लावून, अंगठा बाकीच्या बोटांबरोबर हँडलच्या एकाच बाजूस ठेवून, खालून वर एकच झटका मारतो. अंगठ्याची ही काळजी अनुभवाने शिकवलेली आहे, कारण उलट फटका बसल्यास मनगट मोडते.

जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन हा मिस्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचा अध्याय होय. वाड्याच्या मागील पडवीत किंवा शेतावरच्या खळ्यात वीस-पंचवीस वर्षे कडब्याखाली पडून राहिलेली गाडी बाहेर काढली की अननुभवी मनुष्य प्रथम ती सुरू करून पाहण्याचा प्रयत्न करतो, आणि अडकलेले इंजिन जबरदस्तीने फिरवून पिस्टनच्या कड्या मोडतो. जाणता मिस्त्री प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ तेल सोडतो आणि गाडीला आठवडाभर तशीच ठेवतो. मग हेड उतरते, सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली घेतले जाते. झिजून ते वर रुंद आणि लंबगोल झालेले असेल तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागतात, आणि तशी मापे मिळत नसतील तर लायनर घालून मूळ माप परत आणावे लागते. अतिजुन्या गाड्यांत बेअरिंग सुटी नसतात. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून जागेवरच ओतलेला असतो. तो नव्याने ओतावा, शाफ्टावर निळा रंग लावून तो फिरवावा, रंग जेथे उमटेल तेवढाच उंचवटा खरवडावा, पुन्हा रंग लावावा, पुन्हा खरवडावे, असे करीत जेव्हा साऱ्या पृष्ठभागावर रंग सारखा उमटतो तेव्हाच बेअरिंग बसली असे मानायचे. या कामास घाई चालत नाही. एका बेअरिंगला एक दिवस लागला तर तो वाया गेला असे कोणीही जाणता मिस्त्री म्हणणार नाही.

सुट्या भागांचा शोध ही निराळीच मोहीम. मुंबईच्या चोरबाजारातली दुकाने, गावोगावची भंगाराची वखार, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या शौकिनांचे जाळे यांतून एखादा डिस्ट्रिब्युटरचा कॅप, एखादी दिव्याची काच मिळते. जे मिळत नाही ते घडवावे लागते. येथे निफाडच्या परिसराचे एक भाग्य आहे. ओझर हे गाव याच तालुक्यातले, आणि तेथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी स्थापन झाला. लोक त्या वसाहतीला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. पलीकडे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे, डिझेल नोझलांचे आणि असंख्य सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. इंचाच्या हजाराव्या भागाची किंमत ओळखणारे टर्नर आणि फिटर ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या घडले, तेथे १९३० सालच्या गाडीचा शाफ्ट पुन्हा जन्मास घालणे अशक्य नाही; अट एवढीच की नमुना, माप आणि धातू यांची पारख करणारा मिस्त्री मध्ये असला पाहिजे.

काळाने या कामात नवे प्रश्न आणले आहेत. पूर्वीच्या पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळत. ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर सूक्ष्म थर धरून तिची झीज रोखी. विषारी शिसे २००० सालापासून देशभर बंद झाले, आणि लोकांच्या, विशेषतः मुलांच्या, आरोग्यास त्यामुळे जो लाभ झाला तो अमोल आहे. पण मूळच्या मऊ ओतीव बैठका असलेल्या जुन्या इंजिनात आता कठीण पोलादाच्या बैठका बसवाव्या लागतात. त्यानंतर पेट्रोलात इथेनॉल आले आणि त्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, जुने रबर फुगवते, आणि कार्बोरेटरच्या जस्ती धातूस गंज चढवते. म्हणून जाणकार मिस्त्री जुन्या गाडीच्या नळ्या, डायफ्रॅम आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालतो, आणि मालकास बजावतो की गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. ज्या तालुक्यात ऊस पिकतो आणि साखर कारखाने उभे राहिले, त्या तालुक्यातील मिस्त्रीला आपल्याच शिवारातून निघालेल्या मद्यार्काचा हा हिशेब मांडावा लागतो; आणि शेतकऱ्यास त्यापासून मिळणारा दाम पाहता, तो हिशेब कुरकुर न करता मांडला जातो.

आता या जुन्या मोटारींना कोणते स्थान आहे, हेही सांगितले पाहिजे. जगभरच्या शौकिनांत १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यापूर्वीच्या व नंतरच्या गाड्यांस निराळी नावे आहेत. आपल्या सरकारने मात्र सोपी व्याख्या केली आहे: जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तीनुसार, प्रथम नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ही व्हिंटेज मानली जाते. अशा गाडीस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षे. ती गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरास मुभा नाही. भंगाराचे धोरण आणि जुन्या वाहनांवरील निर्बंध यांच्या काळात सरकारने दिलेली ही सनद मोलाची आहे, आणि ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आपले दस्तऐवज शोधून तिचा लाभ घ्यावा. मूळ रूप राखण्याची जी अट या नियमात आहे तिच्याशी जागतिक शौकिनांच्या ‘फिवा’ या महासंघाचे धोरणही सुसंगत आहे: जे मूळचे आहे ते शक्य तितके जतन करावे, आणि बदल करावाच लागला तर तो ओळखता येईल व मागे घेता येईल असा करावा. चकाकणाऱ्या नव्या रंगाखाली जुना इतिहास पुसून टाकणे हे जतन नव्हे, हे तत्त्व प्रामाणिक मिस्त्री फार पूर्वीपासून पाळीत आला आहे.

महाराष्ट्रात या वारशाची जपणूक काही ठिकाणी डोळ्यांत भरण्यासारखी झाली आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यासाठी आजही बाहेर निघते, आणि तिला पाहण्यासाठी लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार जतन केलेली आहे. मुंबईत जुन्या गाड्यांची वार्षिक रॅली भरते. आणि प्रीमिअरच्या ज्या पद्मिनी मोटारीने मुंबईची टॅक्सी म्हणून अर्धशतकाच्या आसपास सेवा केली तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा निरोप देणाऱ्यांत सामान्य मुंबईकरच अधिक होते. या सर्व प्रसंगी मालकाचे नाव छापले जाते, गाडीचे साल छापले जाते, कारखान्याचे नाव छापले जाते. त्या गाडीला पहाटे उठून सुरू करणाऱ्या मिस्त्रीचे नाव मात्र क्वचितच छापले जाते, आणि ही उणीव आपण भरून काढली पाहिजे.

कारण खरा धोका गाड्यांना नाही, विद्येला आहे. ज्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत काम शिकले ते मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले शिकून नोकरीस लागली, काही कारखान्यांत गेली, काहींनी नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरली. त्यात गैर काही नाही, कारण आपल्या मुलाचे हात तेलाने काळे होऊ नयेत असे वाटणे हा बापाचा स्वभावच आहे. परंतु बॅबिट कसा ओतावा, मॅग्नेटोचे चुंबक कसे जागे करावे, सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्सवर डबल क्लच कसा मारावा, वाकलेला पत्रा न तापवता हातोडी आणि मागे धरलेल्या लोखंडी ठोकळ्याने मूळ वळणावर कसा आणावा, यांतले फारच थोडे ज्ञान मराठीत लिहिले गेले आहे. ते बोटांत आहे, आणि ते बोटांबरोबर जाणार आहे. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, अनुभवाने शिकलेल्या कारागिरास परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय सरकारने केलेली आहे. या तिन्ही गोष्टी जुन्या मिस्त्रीशी जोडल्या गेल्या, म्हणजे आयटीआयच्या विद्यार्थ्याने वर्षातले काही महिने अशा मिस्त्रीच्या हाताखाली काढले आणि त्याबद्दल मिस्त्रीस मानधन व मान दोन्ही मिळाले, तर खर्च अल्प होऊन लाभ मोठा होईल.

जुन्या मोटारींचा छंद हा धनिकांचा विलास आहे, तेव्हा सामान्य माणसाने त्याची चिंता का वाहावी, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की गाडी कोणाची आहे याने विद्येचे मोल ठरत नाही. जो हात ऐंशी वर्षांपूर्वीचे इंजिन जिवंत करतो तोच हात द्राक्षबागेतला फवारणीचा पंप, गावचा ट्रॅक्टर आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन हंगामाच्या ऐन दिवशी सुरू करतो. वस्तू बिघडली की फेकून नवी आणावी, या सवयीने पृथ्वीवर भंगाराचे डोंगर रचले जात असताना, दुरुस्तीची वृत्ती आणि दुरुस्तीचे सामर्थ्य ज्या समाजात टिकते तो समाज अधिक काटकसरी, अधिक स्वावलंबी आणि आपल्या वस्तूंशी अधिक कृतज्ञ राहतो. रानड्यांना अभिप्रेत असलेली उद्योगशीलता याहून निराळी नव्हती.

म्हणून वाचकांस माझी विनंती आहे. आपल्या घराच्या मागे, वाड्याच्या पडवीत वा शेतातल्या छपरात जुनी मोटार, जीप, मोटारसायकल वा ट्रॅक्टर पडून असेल तर तो भंगारात घालण्यापूर्वी गावच्या वृद्ध मिस्त्रीस एकदा दाखवावा. तो काम करीत असताना त्याच्या शेजारी वही घेऊन बसावे, तो सांगेल ती मापे, युक्त्या आणि नावे मराठीत टिपून घ्यावीत, घरातल्या शिकत्या मुलामुलींना सोबत न्यावे, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली की तिच्या मालकाच्या नावाशेजारी मिस्त्रीचेही नाव लिहावे. मोटारी परदेशातून पुन्हा आणता येतील. हे ज्ञान एकदा गेले की ते कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.